पहिला फोन अम्मीला

आमच्या धंद्यात किस्से कुणी गोळा करत नाही. दुकानाच्या कपाटात जुने चार्जर साठतात ना, तसे ते साठत जातात. कुठला कशाचा ते कळत नाही, आणि टाकूनही देववत नाहीत. चार माणसं जमली की मी सांगायला लागते आणि माणसं हसतात. मी हल्ली हसत नाही, पण सांगते. न सांगून करणार काय!

आधी माणसं सांगते. जळगावला नवी पेठेत आमचं दुकान. मालक प्रकाशभाऊ. वायरमन सलीमभाई, राहणारे धुळ्याचे, पण नोकरीसाठी इकडे खोली करून राहिलेले. आणि कोटेशन, तक्रारी, बिलं, शिवाय या दोघांची समजूत घालणं, याला मी, वैशाली. आमचं काम म्हणजे व्यापाऱ्यांना, दवाखान्यांना, कारखान्यांना फोनची यंत्रणा बसवून द्यायची. पूर्वी सरळ होतं. ऑफिसच्या भिंतीवर एक डबा, त्याला एक्स्चेंज म्हणायचं. डब्यातून टेबलाटेबलावर वायरी. डबा भाऊ विकायचे, वायरी सलीमभाई ओढायचे.

आता आम्ही प्रायव्हेट क्लाऊड विकतो. डबा गिऱ्हाइकाकडे नाहीच. तो पुण्याला एका सर्व्हर रूममध्ये, आणि फोन चालतात इंटरनेटवर. यात वायर नाही. वायर नाही म्हणजे सलीमभाई नाही. हे आम्हां तिघांनाही पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि तिघांपैकी एकही जण ते बोलत नव्हता. बाकी सगळ्या विषयांवर आम्ही भरपूर बोलायचो.

*

सलीमभाईंची एक रीत होती. नवीन एक्स्चेंज बसवलं की त्यावरून पहिला फोन धुळ्याला, त्यांच्या अम्मीला.

सुरुवात अगदी साधी झाली. त्यांच्या पहिल्यावहिल्या कामाला लाइन तपासायची होती आणि त्यांना पाठ असलेला नंबर एकच, घरचा. अम्मी यंत्रमागांच्या गल्लीत राहायच्या. दिवसभर खटखट चालू, त्यामुळे त्या फोनवर ओरडूनच बोलायच्या. पलीकडून ओरडल्या, "आवाज आया, बेटा! बरकत होवे!" आणि फोन ठेवून दिला. ज्यांचं काम ते शेठ शेजारीच उभे होते. त्या वर्षी शेठचा धंदा असा काही चालला की त्यांनी सगळ्या बाजारात सांगितलं, "माल कुणाचाही घ्या, पण लाइन सलीमच्या अम्मीकडून सुरू करून घ्या."

झालं! मग नारळ फोडायचा, अम्मीला फोन लावायचा आणि नंतर पेढे वाटायचे, असा क्रमच पडला. मारवाडी असो, पाटील असो, डॉक्टर असो, फोन अम्मीला. अम्मी सगळ्यांना "बेटा"च म्हणायच्या. एका रिटायर्ड कलेक्टरांनाही म्हणाल्या. ते नंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

एका गिऱ्हाइकानं तर ऑर्डरमध्ये लिहून दिलं होतं, "दरात अम्मींचा फोन समाविष्ट असावा." मी 'मान्य' लिहून शिक्का मारला.

*

गिऱ्हाइकं क्लाऊडकडे का वळली? उन्हामुळे, दुसरं काय! आमच्याकडे मे महिन्यात माणसं सावलीला पळतात, डब्याला पाय नसतात. तो भिंतीवरच भाजतो.

धुळ्याच्या एका कापड व्यापाऱ्याचं एक्स्चेंज असंच बंद पडलं. सलीमभाईंनी डबा उघडला तर आत पाल. गारव्याला शिरली असेल बिचारी, आत चिकटून मेली, जाताना आतलं सर्किटचं कार्डही घेऊन गेली. व्यापाऱ्याच्या बायकोनं पालीची शांत करावी लागेल का म्हणून गुरुजींना विचारायला माणूस धाडला. व्यापारी मात्र हिशेबी.

"सलीमभाई, त्या क्लाऊडमध्ये पाल शिरत नाही ना?"

"नाही शेठ," सलीमभाई चिमट्यानं पाल काढत म्हणाले, "तिथं मीपण शिरत नाही."

शेठ खो खो हसले. भाऊही हसले.

*

मग कुठला क्लाऊड घ्यायचा हे ठरवायची वेळ आली. पुण्याहून एक सेल्समन आला. त्यानं लॅपटॉपवर रंगीत चित्रं दाखवली. एक स्वस्तातला, शेअर्ड. त्यात एकाच सर्व्हरवर दहा कंपन्या. दुसरा प्रायव्हेट, महाग, पण सर्व्हर फक्त आपल्या गिऱ्हाइकांचा.

भाऊ शेतकऱ्याचा मुलगा. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे पहिला तो सामायिक विहिरीसारखा?"

"एक्झॅक्टली सर! कॉस्ट शेअर होते."

"सख्ख्या भावांची डोकी फुटतात हो सामायिक विहिरीवर! मोटारीची पाळी कुणाची यावरून कोर्टात जातात. आणि तुम्ही अनोळखी नऊ जण आणून बसवताय? आम्हाला स्वतःचीच विहीर द्या."

अशा रीतीनं आमचं तांत्रिक मूल्यमापन पूर्ण झालं. मी त्यावर नंतर इंग्रजीत दोन पानं लिहिली, ती सगळी या विहिरीचीच होती.

सेल्समन खूश झाला. "सर, बेस्ट डिसिजन! प्रायव्हेटमध्ये सगळं आम्ही बघतो. तुमच्या माणसाला कशालाच हात लावायची गरज नाही."

दुकानात आमचा 'माणूस' एकच होता. तो स्टुलावर बसून पक्कड पुसत होता. पुसायचा थांबला, सेल्समनकडे बघून हसला आणि म्हणाला, "साहेब, चहा घ्या. थंड होतोय."

*

फैजपूरचे आबा हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. केळीचा व्यापार, केळी पिकवायच्या थंड खोल्या, गाड्या, सगळं. कुठल्या बागेत आज कापणी, कुठली गाडी कुठं अडकली, हे दिवसभर फोनवर चालतं. आबांचा फोन बंद म्हणजे केळी काळी पडायला लागली. त्यामुळे आबा म्हणाले, "मले ती जागा दाखव. माहा फोन जिथं राहीन ते घर मी पाहीन."

भाऊ, आबा आणि मी पुण्याला गेलो. आबांनी नारळ नेला होता. सिक्युरिटीवाल्यानं तो ट्रेमध्ये ठेवून टोकन दिलं. आत आग नको, पाणी नको, नारळ तर नकोच. जाळीच्या कपाटांच्या रांगा, निळे दिवे, घोंघों आवाज. आबांनी हात वर करून हवेचा अंदाज घेतला. "माह्या केळीच्या खोलीपेक्षा थंड हाये," म्हणाले, आणि आमचा जीव भांड्यात पडला. आबा खूश म्हणजे सही झालीच.

तेवढ्यात त्यांनी तिथल्या मुलीला विचारलं, "पोरी, इथं राहतं कोन?"

"कुणी नाही आजोबा. सगळं ऑटोमॅटिक आहे." मुलगी अभिमानानं म्हणाली.

आबांनी टोकन देऊन नारळ परत घेतला. पुण्याची बाकरवडीसुद्धा घेऊ दिली नाही. रस्ताभर एकच वाक्य, "जिथं मानूसच राहत नाही तिथं माहा फोन कायले ठेवू?" फैजपूरला उतरल्यावर तोच नारळ त्यांनी आपल्या जुन्या डब्यासमोर फोडला.

सलीमभाईंना हा किस्सा मी मुद्दाम रंगवून सांगितला. त्यांना बरं वाटावं म्हणून. ते म्हणाले, "ताई, आबांचा एक डबा म्हणजे माझी एक नोकरी. दुआ करा, डबा टिकू दे."

*

साक्रीचे नाना बियाण्यांचे व्यापारी. ते लवकर क्लाऊडवर आले. त्यात एक सोय असते, ऑफिसचं इंटरनेट गेलं की सगळे फोन आपोआप मालकाच्या मोबाइलवर येतात.

एके दिवशी रस्त्याच्या कामात केबल तुटली. नेमका आठवडे बाजार. पिंपळनेरपासूनच्या गावांचे फोन सुरू. आणि नाना कुठं? नात्यातल्या एकाच्या गंधमुक्तीला, दुःखाच्या बैठकीत! खिशात फोन वाजतोय, तो कापला की दुसरा. बंद करायचं बटण घाबरून दाबलं तर स्पीकर चालू झाला, आणि सगळ्या बैठकीला ऐकू आलं, "नाना, कांदानं बियानं उनं का?" म्हणजे, कांद्याचं बियाणं आलं का!

गेलेल्याचा भाऊ शांतपणे म्हणाला, "नाना, आमना मानूस गया तवय बी इतला फोन उनात नहीत."

दुसऱ्या दिवशी नानांचा मला फोन. "सलीमले धाड. हाई नीट कराले."

मी सांगितलं, "नाना, तिथं येऊन करण्यासारखं काही नाही. मी इथूनच सेटिंग बदललं, झालंसुद्धा."

नाना म्हणाले, "मंग त्याले नुसता बसाले धाड. पयले दर दोन महिनाले येत व्हता. आते कोनीच येत नही."

भाऊंनी खरंच सलीमभाईंना पाठवलं. ते गेले, बसले, चहा घेतला, पावसाबद्दल बोलले आणि आले. मी कामाच्या रजिस्टरात काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाले, "लिहा, भेट दिली. दोष आढळला नाही."

*

भाऊ वाईट माणूस नाही, हे मी आवर्जून सांगते. त्यांनी सलीमभाईंना कॉम्प्युटर शिकवायचं ठरवलं आणि ते काम माझ्यावर ढकललं.

सलीमभाई सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचे. माऊस असा धरायचे की निसटला तर फुटेल. मी स्क्रीन दाखवली. "हे बघा, प्रत्येक गिऱ्हाइकापुढं ठिपका आहे. हिरवा म्हणजे लाइन चालू. लाल म्हणजे बंद."

आयुष्यभर त्यांनी रिसीव्हर कानाला लावून लाइन ओळखलेली. ती घुर्रर्र ऐकली की मान हलवायचे, आणि गिऱ्हाईक समजायचं, झालं काम. आता ते ठिपक्याकडे बघत बसले. बराच वेळ.

"हिरवा आहे ना?" मी विचारलं.

"हिरवा आहे," ते म्हणाले, "पण बोलत नाही."

आठवडाभर चाललं ते शिक्षण. मग ते पुन्हा स्टुलावर जाऊन बसले आणि भाऊंनीही विषय काढला नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि थोडं हायसंही वाटलं.

*

यापुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही. ओघात आलाय म्हणून सांगते.

दुकानाचा नंबरही आम्ही क्लाऊडवर घेतला होता. फोन केला की माझा आवाज. "नमस्कार. विक्रीसाठी एक दाबा. दुरुस्तीसाठी दोन दाबा." मग बासरी. मधूनमधून परत मीच, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." भाऊ म्हणाले होते, आवाज गोड लागला पाहिजे, म्हणून मी तो पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलेला.

त्या दिवशी सलीमभाई चोपड्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये होते. काम म्हणजे, त्यांनीच कधीकाळी ओढलेल्या वायरी छतातून उपसून काढायच्या. हल्ली तेवढंच काम उरलं होतं. मोबाइल खाली पिशवीत. धुळ्याहून त्यांचा पुतण्या फोन करून करून थकला, मग त्यानं दुकानाचा नंबर लावला. बाईचा आवाज ऐकून तो आधी माझ्याशी बोलायलाच लागला. मी आपली म्हणतेय, दोन दाबा. त्यानं दोन दाबलं. बासरी. लाइनी सगळ्या गुंतलेल्या. तो पोरगा बासरी ऐकत थांबून राहिला.

शेवटी मी उचलला. "नमस्कार, आपली तक्रार सांगा."

"तक्रार नाही मॅडम. सलीमचाचाला सांगा. दादी गेली."

भाऊंनी दुकान बंद केलं. आम्ही गाडी काढून चोपड्याला गेलो, सलीमभाईंना घेतलं आणि धुळ्याला नेलं. गल्लीतले माग त्या दिवशी बंद होते. इतक्या वर्षांत फोनवर ऐकलेली ती खटखट नव्हती, म्हणून मला ती गल्ली चुकीची वाटली. भाऊंनी निघताना फैजपूरला कळवलं होतं, तर आबा आमच्याही आधी येऊन बाहेर बाजेवर बसलेले होते. आत फळीवर अम्मींचा फोन, त्यावर क्रोशाचा रुमाल.

बासरी मी दुसऱ्या दिवशी काढून टाकली. "आपला कॉल महत्त्वाचा आहे" हेही काढलं. भाऊंनी का म्हणून विचारलं नाही.

*

सलीमभाई त्यानंतर आले, पण काही दिवसच. भांडण नाही, काही नाही. एके सकाळी भाऊंना म्हणाले, "भाऊ, बसून खाल्लेलं अंगी लागत नाही. घरही तिकडं बंद पडलंय. जातो मी."

भाऊंनी थांबा म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला त्यांच्याकडे काम नव्हतं.

"काय देऊ?" म्हणून विचारलं तर सलीमभाईंनी दुकानाची शिडी मागितली. बांबूची, रंगाचे डाग पडलेली. दुकानात ती तशीही आता कुणाच्या उपयोगाची नव्हती. आम्ही त्यांना काळी-पिवळीपर्यंत पोचवायला गेलो. ड्रायव्हरनं टपावर शिडी बांधताना कुरकुर केली, "चाचा, हिच्यासाठी एका सीटचं भाडं लागेल हां."

"लाव की," सलीमभाई म्हणाले. "तीपण आजपासून घरीच बसणार आहे."

गाडीतली माणसं हसली. भाऊ मागे वळून पानाच्या टपरीकडे गेले. भाऊ पान खात नाहीत.

*

आता शेवटचा सांगते.

या मे महिन्यात आबांचा डबा गेला. पाल नाही, काही नाही, उन्हानंच गेला. त्याचे पार्ट आता कुठं मिळत नाहीत, आणि मिळाले तरी बसवणार कोण! ऐन कापणीत ऑफिसचे फोन मुके झाले. गाड्या बागांच्या बांधावर उभ्या. आबांनी दोन दिवस मोबाइलवर ओरडून काढले आणि तिसऱ्या दिवशी भाऊंना बोलावून घेतलं. "कर बाप्पा तुह्या पुण्यात काय करायचं ते."

करायला असं काही नव्हतंच. मी इथून नावं भरली, टेबलांवर नवे फोन ठेवले, ठिपके हिरवे झाले. भिंतीवरचा डबा भाऊंनी स्वतः उतरवला. त्यामागं भिंतीचा जुना रंग तसाच राहिलेला, चौकोन दिसत होता. जुन्या डब्याचं आमचं ते शेवटचं गिऱ्हाईक. नारळ फुटला. पेढ्यांचा बॉक्स उघडला. सगळा स्टाफ गोळा झाला.

आबा खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "लाव अम्मीले."

भाऊ जमिनीकडे बघायला लागले. मी हळूच म्हटलं, "आबा, अम्मी नाहीत आता."

"मले सांगतं व्हय! मी तिच्या दारावर जाऊन बसेल मानूस. नंबर तं हाये ना? लाव."

मला तो नंबर बघावा लागला नाही. मी लावला आणि स्पीकर चालू केला. रिंग जात होती. एक गेली, दुसरी गेली. मनात आलं, नकोच उचलायला कुणी. वाजून वाजून बंद होऊ दे, म्हणजे आबांचंही समाधान होईल आणि आपलीही सुटका.

पलीकडे फोन उचलला गेला. आधी मागांची खटखट आली. मग, "हॅलो?"

सलीमभाई.

आबाच पुढं वाकले. "सलीम, मी फैजपूरहून आबा. आमची नवी लाइन सुरू झाली, पाहाय."

"क्लाऊडवाली?"

"हो."

"आणि डबा?"

"काढला."

खटखट तेवढी ऐकू येत होती. माझं लक्ष स्क्रीनकडे गेलं, ठिपका हिरवा होता. मग सलीमभाईंनी घसा साफ केला आणि त्या आवाजावर आवाज चढवून ओरडले,

"आवाज आया, बेटा! बरकत होवे!"

आणि फोन ठेवून दिला.